बांधावरची उडी

"उजवा गुडघा ना?"

मुरबाडच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी पोराने मला हे विचारलं, आणि माझं टाळकं सरकलं.

"बायांच्या पायांकडं बघत फिरता काय?"

"पोटासाठी बघावं लागतं," तो शांतपणे म्हणाला. "फिजिओथेरपिस्ट आहे, शहापूरला. रितेश."

हसला... आणि माझी टोकावड्याची गाडी समोरून निघून गेली.

मी कुणाली. गावच्या कबड्डी संघाची चढाईवाली. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, वर्ष उलटलं. तरी पाय टाकताना जीव घाबरायचा. आईने गुडघ्यावर पट्टा आवळून ठेवलेला, वर "खेळ पुरे, आता लग्नाचं बघू" हे चालूच. खेळ सुटला असता तर मी जिवंतपणी मेले असते, खरं सांगते.

मी रितेशच्या दवाखान्यात जायला लागले. त्याने पहिल्याच दिवशी पट्टा सोडला.

"लिगामेंट जुळलंय. मांडी सुकलीय, कारण तुम्ही तिला कामच देत नाही. ताठ पायाने उतरलात की दणका सांध्याला. गुडघा दुमडून उतरा, दणका स्नायू झेलतात."

व्यायामाने मांडी भरली. उडी मात्र... नाय. त्याच्या दवाखान्यातल्या वीतभर उंचीच्या पाटावरूनही नाय.

"कधी मारणार?"

"तुमी आमच्याकडं आवणीला या, भात लावायला. चिखलात उभं राहून दाखवा, मग मारते."

आला की गडी. आमच्यात आवणीला आलेल्या पाहुण्याला बांधावर बसू देत नाहीत. हातात भाताची रोपं देऊन खाचरात उतरवतात. आसनगावच्या बिल्डिंगीत वाढलेला हा — मला शिकवलेलं सगळं विसरून ताठ पायांनी उतरला. पाय रुतले, अंग पुढं गेलं, तोंडावर आपटला. उठेचना.

मी कमरेएवढ्या बांधावरून उडी टाकली. कधी टाकली, मलाच कळलं नाय.

कॉलर धरून त्याला उठवलं. तोंड चिखलाने भरलेलं, पण डोळे माझ्या गुडघ्यावर.

"दुमडून उतरलीस," तो म्हणाला.

मी पाय हलवून पाहिला. काहीच दुखत नव्हतं. मग मी तिथंच, चिखलात, सगळ्यांसमोर रडले.

हिवाळ्यात अंतिम सामना. बरोबरी, आणि शेवटची चढाई माझी. कोपऱ्यातल्या पोरीने घोटा धरला, दुसरी कमरेला बिलगली. मी गुडघा दुमडला, मांडीने जोर घेतला, दोघींना ओढत नेलं आणि मध्यरेषेवर हात टेकला. जिंकलो. कठड्यापलीकडं आई ओरडत होती, "माझी पोर हाय ती!"

रितेश गर्दीतून धावत आला. "गुडघा दाखव."

"बरा हाय. सारखं पायांकडंच बघणार काय रे?"

"वर बघायची... हिंमत होत नव्हती."

"बघ मग."

त्याने बघितलं. मला त्या चढाईत लागली नव्हती एवढी धाप लागली.

"आवडतोस तू मला," मी सरळ सांगितलं. "घरी ये, आईशी बोल. पण खेळ सोडणार नाय मी."

"सोडू कोण देतोय," तो म्हणाला, आणि माझा हात धरला.