बाबालालचे एक्केचाळीस आल्बम

या, अशी पुढं सरका. सतरंजीवर जागा आहे. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. खरी की खोटी ते तुम्ही ठरवा, मी ऐकली तशी सांगणार.

साल त्र्याहत्तर. शिवाजी पेठेत बाबालालचं ग्रामोफोन-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दहा बाय आठची खोली, तिला रॉकेलचा आणि तापलेल्या कथलाचा वास. बाबालाल जातीनं मुसलमान, पण कीर्तनाचा असा भुकेला की बुवांची पट्टी नुसत्या खाकरण्यावरून ओळखायचा. त्याचा जिवाभावाचा दोस्त जोतीराम चौगुले, हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. दोघं एकाच तालमीच्या मातीत वाढलेले.

पेठेतले गणपतराव वारले तेव्हा त्यांचा कीर्तनाच्या तबकड्यांचा संग्रह बाबालालकडं आला. पुठ्ठ्याचे जाड एक्केचाळीस आल्बम आणि त्यांची शाईनं लिहिलेली यादी. एका आल्बमात सहा तबकड्या, म्हणजे बारा बाजू, म्हणजे एक अख्खं कीर्तन.

त्याच महिन्यात मिरजेच्या डॉक्टरांनी बाबालालचे कान तपासले. शीर सुकत चालली होती. दसऱ्यापर्यंत ऐकू येईल, म्हणाले, पुढचं सांगता येत नाही.

"मग दसऱ्याच्या आत यादी संपवायची," बाबालाल म्हणाला. "एक बाजूबी सोडायची न्हाय. सगळं ऐकतो, मग कान ज्याचं त्याला परत."

"आठवड्याला दोन आल्बम झाले तर जमतंय," जोतीरामनं पेन्सिलीनं हिशेब केला.

अखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सुरुवात झाली. दिवस कलला की जोतीराम यायचा, दुकानाची एक फळी लावायचा. चावीचं यंत्र. बाबालाल कर्ण्याला कान लावून बसायचा, जोतीराम समोरच्या खोक्यावर. बोलायचं नाही, हा नेम.

बुवा एक वाक्य टाकत, दम घेत, आणि तेवढ्या फटीत "हूं" येई. ठसठशीत, समाधानी. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार हवाच. नाहीतर तो सांगतो कुणाला? जोतीरामला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

एकोणिसावा आल्बम संपला तेव्हा तो म्हणाला, "बाबू, हुंकार मात्र झकास देतोस गड्या."

बाबालालनं सुई काढली. "मी? मी तर म्हणत हुतो, मास्तर एवढा भाविक कवापास्नं झाला."

दोघं हसले. मग हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी जोतीरामनं प्रयोग केला. तांब्यातलं पाणी दोघांनी तोंडात धरलं आणि तबकडी लावली. बुवांनी पहिलं वाक्य टाकलं.

"हूं."

दोघांचे गाल फुगलेलेच होते.

"तबकडीतच असंल," बाबालाल पाणी थुंकून म्हणाला. जोतीरामनं तीच बाजू पुन्हा लावली आणि कुठल्या शब्दानंतर हुंकार येतो ते टिपलं. तिसऱ्यांदा लावली. दोन्ही वेळा जागा वेगळ्या निघाल्या. कंटाळलेला माणूस जसा ऐकलेल्या गोष्टीला कमी हुंकार देतो, तसे तिसऱ्या वेळी ते कमी भरले.

तेवढ्यात बाबालालची बायको बिबीजान चहा घेऊन आली. उंबऱ्यावर थबकली आणि तिनं पदर डोक्यावर ओढला. जोतीरामपुढं वीस वर्षांत तिनं तो कधी ओढला नव्हता.

"भाभी, काय झालं?"

"काय न्हाय, भाऊजी." ती कप ठेवून गेली. खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडं मात्र तिनं पाठ केली नाही.

"बंद करू या," जोतीराम म्हणाला.

"मांडलेलं कीर्तन अर्ध्यावर सोडून उठू न्हाय, तुमचंच शास्त्र हाय न्हवं?" बाबालाल म्हणाला. "आणि त्यो काय मागतोय आपल्याकडं? ऐकतोयच की. बस खाली."

श्रावणात बाबालालला बुवा ऐकू येईनासे झाले. जोतीरामनं बांबूची कामटी आणली. एक टोक यंत्राच्या लाकडावर, दुसरं दातांत. आवाज हाडातनं जातो, त्यानं सांगितलं. चार आल्बम तसे निघाले. मग हाडातनंही आवाज जाईना.

तरी बाबालाल मान डोलवायचा, अचूक जागी.

जोतीरामनं पाटीवर लिहिलं, कसं कळतंय?

"बुवा न्हाय येत," बाबालाल म्हणाला. "ह्यो येतोय. ह्यो कुठं थांबला, कुठं गहिवरला, त्यावरनं समजतंय."

दसऱ्याला चार दिवस होते. एक्केचाळिसावा आल्बम. दहा बाजू झाल्या. जोतीरामनं शेवटचं पाकीट उघडलं.

तबकडी मधोमध दुभंगलेली होती.

बाबालालचे डोळे मिटलेले. कामटी सवयीनं दातांत. चेहरा आरतीची वाट बघणाऱ्याचा.

सांगायला धीर हवा होता. तेवढा वेळ मिळावा म्हणून जोतीरामनं नुसतीच चावी भरली. रिकामी थाळी फिरू लागली. सुई बाजूलाच होती.

खोलीत यंत्राची घरघर.

मग "हूं."

थोडा वेळ गेला, एका वाक्याएवढा.

"हूं."

जोतीरामला बुवा ऐकू येत नव्हते. हुंकार येत होता. प्रत्येक वेळी थोडा जवळ.

बाबालालच्या गालावरनं पाणी ओघळलं. थाळी थांबल्यावर त्यानं कामटी काढली.

"संपलं," तो म्हणाला. "शेवट कसा गोड केला बुवानं. ऐकलंस न्हवं?"

जोतीरामनं मान हलवली, हो म्हणून.

कीर्तनानंतर ऐकणाऱ्यांना बुक्का लावतात. बाबालालनं खिशातनं डबी काढली. त्यानं जोतीरामच्या कपाळाला बोट टेकलं, आपल्या कपाळाला टेकलं. तिसऱ्यांदा बोट काळंभोर बुडवून त्यानं कोपऱ्यातल्या मोकळ्या हवेत, बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर धरलं.

बोट परत आलं तेव्हा कोरडं होतं, धुतल्यासारखं.

त्यानंतर बाबालालला काही ऐकू आलं नाही. अकरा वर्षं तो तसाच, हसतमुख जगला. कधी कीर्तनाला बसलात आणि बुक्क्याची डबी तुमच्यापुढं आली, तर त्या बाबालालची एकदा आठवण काढा. आणि शेजारची जागा मोकळी दिसली तरी डबी तिथनं सावकाश पुढं द्या.