पांढऱ्या पातळाचा इंग्रजी झगा

सुजितबद्दल माझी तक्रार एकच आहे, पण मोठी आहे. हा मुलगा नको तिथे बोलतो आणि हवं तिथे तोंडाला कुलूप लावतो.

पहिल्याच भेटीत मला म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हाल का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

पॉइंट कुकच्या तळ्याकाठी उभी होते मी. तोंडाला मास्क, अंगात लेकाचं जाकीट, पायात सुनेचे बूट. बारीक पाऊस, आणि समुद्राकडून वारा असा, की पदर धरू की मास्क. चार दिवस इकडे परदेशी, लेकाकडे राहायला म्हणून आले होते, विमानं बंद झाली आणि अडकले. दिवसातून तासभर फिरायची मुभा होती, ती मी आणि माझी नात करुणा तिथे वापरायचो. आणि तिथेच हा... घोट्यापर्यंत चिखलात, तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा.

"तळं तुझ्या बापाचं आहे का?" मी विचारलं.

"नाही आजी. तळं इंग्लंडचं आहे."

"इंग्लंडचं?" करुणा म्हणाली. "रिअली?"

"म्हणजे तसं दिसायला हवंय. दोनशे वर्षांपूर्वीचं. पण मागे इथली गमट्रीची झाडं, पाण्यात काळे हंस, आणि आता वर नऊवारी..."

"पाचवारी," मी म्हटलं. "डोळे तपासून घे."

करुणा हसली. मास्कमधून हसू दिसत नाही म्हणतात, ते खोटं आहे. त्याला दिसलं. त्याने गडबडून कॅमेऱ्याला झाकण लावलं, आणि झाकण लावलेल्या कॅमेऱ्यात डोळा घालून बराच वेळ काहीतरी बघत राहिला.

मुलगा अमरावतीचा निघाला. इथल्या युनिव्हर्सिटीत सिनेमा शिकायला आलेला, शिकून झालं, आता इंडियन दुकानाची भाजी घरोघर पोचवत होता. आणि मधल्या वेळात एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा पिक्चर करत होता. त्याची हिरॉइन अ‍ॅडलेडला मॉसन लेक्समध्ये अडकलेली, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी आणि हिरो त्या हद्दीबाहेर. राहिला होता फक्त चिखल.

आमची भाजी तोच आणायला लागला. मी आधी दुसऱ्या दुकानातून घ्यायची. ते करुणाने परस्पर बदललं, आणि मला म्हणे तिकडची भेंडी कोवळी असते.

तो पिशवी पायरीवर ठेवायचा आणि मागे सरून लेटरबॉक्सपाशी उभा राहायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण अंतर म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. लांबून ओंजळीत पाणी ओतणारे हात मी लहानपणी पाहिलेत. हे अंतर तसलं नव्हतं. हा पोरगा माझा म्हातारीचा जीव सांभाळायला लांब उभा राहत होता. त्या अंतराचे मी मनात आभार मानायची. तोंडाने म्हणायची, "कोथिंबीर शिळी आहे."

कादंबरीची गोष्ट करुणाने मला भाकऱ्या थापताना सांगितली.

"एक माणूस असतो, आजी. त्याचं एका मुलीवर मन बसतं."

"मग?"

"मग तो तीनशे पानं हवेबद्दल बोलतो."

"का? मुका आहे?"

"तेव्हा तसंच असायचं. एकटीला भेटायचं नाही, हात धरायचा नाही. मुलीने नुसता हातमोजा काढला तरी लोक बोलायचे." एवढं बोलून ती थांबली. पीठ भरल्या हाताने तिने फोन उचलला आणि सुजितला लावला. "ऐक ना... तुझ्या पिक्चरला परवानगी नाही म्हणून रडतोस ना? अरे, त्यांनाही नव्हती. ती घरात, तो बाहेर, मध्ये खिडकी. आपल्याला खोटं काहीच करायला नको."

पलीकडून तो म्हणाला, "ती कोण?"

"मी," करुणा म्हणाली. "आणि तो कोण ते तू बघ. दारात रोज कोण येतं?"

तेव्हाच मी ओळखलं. भाकरी करपली, पण ओळखलं.

त्या काळच्या इंग्रज पोरी म्हणे पातळ सुती पांढरे झगे घालत. दुकानं बंद. कापड आणायचं कुठून? मी पेटी उघडली. माझं लग्नाचं पातळ, जाईन तिथे बरोबर नेते ते. आमच्यात लग्नाला पांढरं नेसतात. बुद्धापुढे मेणबत्त्या, हातात पांढरी फुलं, जयमंगल अष्टगाथा, की झालं लग्न. शांतारामने तेव्हा मित्राचा सदरा मागून घातला होता आणि दिवसभर बाह्या लपवत होता. तो गेल्यावर दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी तेच पातळ नेसत आले.

करुणाने कात्री धरली, पण चालवेना. "आजी... नक्की?"

"काप. पेटीत ठेवून ते काय पिल्लं घालणार आहे?"

झगा झाला. उरल्या तुकड्याचा सुजितने गळपट्टा केला. वर काळा कोट आणि उंच टोपी. इथला उलट्या ऋतूंचा वसंत लागला होता, मॅगपाय पक्ष्यांनी अंडी घातली होती, आणि त्यांना ती टोपी अजिबात पटली नाही. हिरो रुबाबात चालत यायचा, मागून पक्षी झडप घालायचा, आणि हिरो लेटरबॉक्समागे बसायचा. करुणा खिडकीत हसून हसून खाली बसायची.

"हसू नकोस, टोपीने जीव वाचवलाय माझा," तो म्हणायचा. "चल, पुन्हा. डावीकडे बघ."

"डावीकडे कचऱ्याचे बिन्स आहेत."

"तिथे गुलाबाची बाग आहे असं समज."

"लाल झाकणाची बाग की पिवळ्या?"

"करुणा... प्लीज. आता माझ्याकडे बघ."

"कॅमेऱ्याकडे, की तुझ्याकडे?"

"...कॅमेऱ्याकडे."

"मग तसं सांगत जा."

आणि तो घोडीचा पाय उगाचच पिळत बसला. मी पडद्याआड लसूण सोलत होते. म्हटलं, बोल रे बाबा, बोल. तो म्हणाला, "आज वारा फार आहे."

मग आला धम्मचक्र प्रवर्तन दिन. लेक आणि सून हॉस्पिटलच्या शिफ्टला. संध्याकाळी झूमवर सगळ्यांची वंदना. सुजितला मेणबत्त्यांच्या उजेडातला सीन हवा होता, आणि बुद्धापुढे मेणबत्त्या लागणारच होत्या. करुणा म्हणाली, एका उजेडात दोन्ही उरकू. लॅपटॉप आधीच लावून ठेवला, आणि तो चालू आहे हे दोघंही विसरली. मी आत खीर ढवळत होते.

लोक एकेक करून आले आणि त्यांना काय दिसलं? मेणबत्त्या, बुद्धमूर्ती, पांढऱ्या वस्त्रातली करुणा, आणि खिडकीतून तिला पांढरी फुलं देणारा, गळ्यात पांढरं घातलेला मुलगा. त्या वर्षी ऑनलाइन लग्नं चाललीच होती. सिडनीच्या क्वेकर्स हिलहून वंदना घेणारे आमचे पद्माकरभाऊ चष्मा शोधत बसले नाहीत. त्यांनी थेट जयमंगल अष्टगाथा सुरू केली. बाकीच्यांनी सूर धरला. वंदनेतली माझी मैत्रीण शोभा रडायला लागली. कुणी आपापल्या स्क्रीनवर फुलं टाकली.

मी पळत बाहेर आले तेव्हा लग्नाला अनुमोदन देत सगळे म्हणत होते, "साधू, साधू, साधू."

"सुशीलाताई," शोभा डोळे पुसत म्हणाली, "सांगायचं तरी होतंत. आम्ही काय जेवायला मागत होतो?"

करुणा लाजून लाल झाली होती, पण हसत होती. फुलं तिने छातीशी धरली होती. तिने सुजितकडे पाहिलं... आणि हा शहाणा खिडकीत डोकं घालून ओरडला, "नाही, नाही, खोटं आहे हे. सगळं खोटं आहे. अ‍ॅक्टिंग आहे."

करुणाने फुलं खाली ठेवली. खिडकी हळूच लावली.

पुढे भाजी येत राहिली. पिशवी पायरीवर, आणि मी दार उघडीपर्यंत गाडी कोपऱ्यावर. झगा घडी घालून माझ्या पेटीत परत आला.

"खोटंच तर होतं ना, आजी," करुणा म्हणाली. "त्याने फक्त खरं सांगितलं." आणि भेंडीची देठं इतकी कापली, की भेंडी उरली नाही.

मग त्याचा मेसेज आला. अ‍ॅडलेडला काम मिळालंय, राज्याची सीमा उघडली की जातोय. पिक्चरचा शेवटचा सीन तेवढा राहिलाय... जमेल का?

करुणाने फोन उपडा ठेवला. मी झगा काढून तिच्या मांडीवर टाकला. "माझं पातळ कापलंयस. अर्धवट पिक्चरसाठी नव्हतं दिलं."

तोवर घरोघरी माणूस येऊ द्यायची मुभा झाली होती. सुजित आला, पण आपला लेटरबॉक्सपाशीच. आत ये म्हणून त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ऊन छान होतं. टोपीला पक्ष्यांनी भोकं पाडलेली. सीन असा, की तीनशे पानं गप्प बसलेला तो माणूस अखेर बोलतो. करुणा खिडकीत उभी राहिली. हातात मोजे, चेहरा दगडाचा.

त्याने कॅमेरा चालू केला, खिडकीशी आला, तोंड उघडलं. इंग्रजीत दोन शब्द बोलला, आणि थांबला.

"कट?" करुणाने विचारलं.

"नको... चालू राहू दे." त्याने टोपी काढली. "त्या दिवशी मी खोटं म्हणालो."

"ऐकलं मी. सिडनीपर्यंत ऐकलं."

"लग्न खोटं होतं, करुणा. बाकी काही नव्हतं. मी तुला अजून विचारलंही नव्हतं, आणि सगळ्यांनी साधू साधू म्हणून टाकलं. तुला नको असलं तरी नाही कशी म्हणणार होतीस तू, सगळ्यांसमोर? मला वाटलं, आधी तुला सोडवावं."

"मला कुणी अडकवलं होतं?"

त्याने टोपीतल्या भोकात बोट घातलं. एक पक्षी ओरडून गेला.

"मला तुझं उत्तर हवं होतं," तो म्हणाला. "त्यांचं नाही."

"उत्तर हवं असेल तर आधी विचारावं लागतं, मित्रा."

"तू मला आवडतेस. पिक्चरमधली नाही... दुसऱ्याच्या दुकानातली भेंडी सोडून माझ्याकडची मागवणारी. मी तुला आवडतो का?"

करुणाने एका हाताचा मोजा बोटाबोटाने काढला, खिडकीच्या कडेवर ठेवला, आणि उघडा हात बाहेर पुढे केला.

सुजितने तो हात धरला. एवढे महिने कुणी कुणाचा हात धरला नव्हता. दोघंही त्या हातांकडे असे बघत राहिले, की जणू तिसऱ्याच कुणाचे आहेत.

"आणि अ‍ॅडलेड?" तिने विचारलं.

"रस्ता सरळ आहे. मी येईन."

"लायसन्स मलाही आहे."

पडद्याआड माझा लसूण ओला झाला. विमानं चालू असती तर मी केव्हाच घरी गेले असते, पेटीला कुलूप लावून. ज्या वर्षाला सगळं जग शिव्या घालत होतं, त्याने मला हे दाखवलं. शांतारामच्या मागून आणलेल्या सदऱ्याची बाही आठवली. मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि दार सताड उघडलं.

सुजितने घाईने हात सोडला आणि सवयीने दोन पावलं मागे सरला.

"थांब," मी म्हटलं. "मागे कुठे चाललास? ऐक, सुजित. भेंडी चांगली आणतोस. कोथिंबीर शिळी नव्हती कधी, मीच म्हणायची. माझ्या नातीचं उत्तर लोकांच्या तोंडून नको, तिच्याच तोंडून हवं म्हणालास, ते मी ऐकलंय. पण बोलायला इतका वेळ लावणारा ढ माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ढ तर ढ, आता आमचा आहेस. बूट तिथेच काढ, आणि आत ये."