पिवळ्या पाठीचे उंदीर

"सर, माझे उंदीर कुणीतरी बदललेत. आणि आळ माझ्यावरच आलाय."

जास्मिनचा फोन आला तेव्हा कानिफनाथ स्वतः धुतलेला सदरा दोरीवर टाकत होते. जनावरांचे रिटायर डॉक्टर. संगमनेरच्या फार्मसी कॉलेजात प्राण्यांवरच्या प्रयोगांची देखरेख त्यांच्याकडं होती. तिथल्या सुटाबुटातल्या शहाण्यांचा पचका बघायला त्यांना मनापासून आवडायचं.

प्रयोग साधा होता. इंजेक्शननं उंदरांचं रक्त कमी करायचं, मग ते पुन्हा वाढतं का बघायला त्यांना पाल्याचा अर्क पाजायचा. जास्मिनची पीएचडी त्यावर. तिचे गाईड डॉ. रंगनाथ यांना मात्र पीएचडीपेक्षा अर्काची बाटली बाजारात आणायची घाई.

"बदलले कशावरून म्हनतीस?" कॉलेजातल्या उंदरांच्या खोलीत पोचताच कानिफनाथांनी विचारलं.

"काल कान पांढरेफटक होते, आज गुलाबी. म्हणून एक उंदीर तपासला. रक्त कमी पडलं की मूत्रपिंडातलं एक जीन नवं रक्त बनवायचा हुकूम सोडतं. ते गप्प आहे."

"गप्पच असणार. अर्क लागू पडला," रंगनाथ म्हणाले. "आणि बदललेच असतील तर हिनंच. आजच हिचं रजिस्ट्रेशन रद्द करतो."

"अन् चोरी करून हिनंच बोंब मारली व्हय? प्लीहा बघितलीस का गं?"

"नेहमीएवढीच होती, सर."

कानिफनाथ पिंजरे धुणाऱ्या बनुबाईंकडं वळले. "आत कोन कोन येतं?"

"आमी तिघंच. म्या, जास्मिनताई अन् रंगनाथसर. तिघांकडं चाव्या हायत."

"पाठीवरची पिवळी खूण कशाची?"

"पिक्रिक ॲसिडची. उंदीर ओळखू यावेत म्हणून लावतो," जास्मिन म्हणाली. "धोक्याचं असतं, म्हणून कुलपात. किल्ली फक्त माझ्याकडं."

कानिफनाथांनी बेसिनपाशी हाताला साबण चोळला आणि न धुताच एक उंदीर उचलला. बोटांखालचा पिवळा डाग लालभडक झाला.

ते गालातल्या गालात हसले.

"इंजेक्शननं रक्तातल्या पेशी फुटल्या की प्लीहा फुगते, अन् रातोरात वसरत न्हाई. म्हंजी ह्या उंदरांना इंजेक्शन कधी टोचलंच न्हाई. बाजारातनं आनलेले ताजे गडी हायत. आता पाठीवरची पिवळी खून. ही हळद हाय. जास्मिनकडं ॲसिडची किल्ली, तिला हळद कशाला लागंल? बनुबाईंचा जल्म कपडे धुन्यात गेला. हळदीला साबन लागला की लाल होते, अन् हितं पिंजरे रोज साबनानं धुत्यात, हे त्यांना ठाऊक. त्या असला येडेपना करायच्या न्हाईत. उरला कोन? ज्यानं उभ्या आयुष्यात स्वतःची बनियन धुतली न्हाई तो. काय रंगनाथराव, बायकोच्या हातची इस्त्री लई कडक हाय."

रंगनाथांचा चेहरा जुन्या उंदरांच्या कानांसारखा झाला.

"जुने उंदीर कुठं हायत?"

"...गाडीच्या डिकीत."

"डॉक्टर म्हनं," कानिफनाथ पुटपुटले.

जास्मिन पळत गेली. डिकीतल्या खोक्यात सगळे जिवंत होते. तिनं एकेकाचे कान उजेडात धरून पाहिले.

"सर, अर्क पाजूनही कान पांढरेफटकच आहेत. म्हणजे अर्काचा काहीच उपयोग नाही."

"मंग तसंच लिही. गाईड मी दुसरा बघतो."

खोकं छातीशी धरून ती रंगनाथांसमोरून आत गेली. त्यांच्याकडं तिनं वळूनही पाहिलं नाही.