गुरुवारचा रिकामा चौकोन

सावंतवाडीच्या शर्वाणी परुळेकरचं एक गुपित होतं. ते तिच्या आईला, पोहण्याच्या बाईंना आणि तरणतलावाच्या उथळ टोकाला डुंबणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या पोरांना तेवढं ठाऊक होतं. त्या पोरांच्या तुकडीत अकरा वर्षांची शर्वाणी कमरेला पिवळा फुगा बांधून पाय मारायला शिकत होती. पोरं तिला ताई म्हणत आणि "घाबरू नको हं," असा धीर देत.

तरीही एका शुक्रवारी शाळेच्या फाटकात भार्गव नेरूरकर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गो बदके, काल किती पाणी प्यालीस?"

शर्वाणीने आधी आईवर संशय घेतला, मग त्या पोरांवर. शेवटी मनगटावरच्या घड्याळावर. त्या काळात प्रत्येक मुलाचं घड्याळ थेट उपग्रहाशी बोलायचं. पुढच्या गुरुवारी तिने ते डाळीच्या डब्यात बंद करून ठेवलं. शुक्रवारी भार्गव म्हणाला, "काल तरंगलीस की बुडालीस?"

आता मात्र तिने वाचनालय गाठलं. तिथे गणूकाका होते. गणूकाका म्हणजे जनगणनेतून (देशातल्या सगळ्या माणसांच्या मोजणीतून) निवृत्त झालेला यंत्रमानव. अर्धा जिल्हा मोजून झाल्यावर ते आता परत आलेली पुस्तकं मोजत. कोण काय वाचतं हे ते कुणालाही सांगत नसत. त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारायला फारसं कुणी येत नसे.

"काका, भार्गव माझ्या मागावर आहे."

"तो जागचा हललेलासुद्धा नसेल," गणूकाका म्हणाले. "तू तो डब्यांचा खेळ खेळतेस ना?"

गावातली सगळी मुलं तो खेळायची. त्याचं नाव जिओकॅशिंग (कुणीतरी लपवलेली डबी उपग्रहाच्या मदतीने हुडकण्याचा खेळ). डबी सापडली की आतल्या चिठोऱ्यावर सही करायची आणि आंतरजालावरच्या आपल्या पानावर नोंद करायची. ते पान साऱ्या जगाला दिसायचं: किती डब्या, कुठे, कधी. खाली वर्षभराची चौकट असायची. डबी सापडली की त्या दिवसाचा चौकोन हिरवा व्हायचा.

गणूकाकांनी तिचं पान भिंतीवर उमटवलं. हिरवंगार शेत! शर्वाणीला आपला अभिमान वाटला.

"इथे तू काय लिहिलंयस?"

"सापडलेल्या डब्या."

"भार्गवने न सापडलेल्या वाचल्या. बघ, जूनपासून गुरुवारची ओळच्या ओळ पांढरी. एका गुरुवारी मात्र सहा वाजून गेल्यावर डबी सापडली, ती तरणतलावाच्या मागच्या भिंतीत. आणि तलावाच्या पाटीवर काय लिहिलंय? शिकाऊ तुकडी, गुरुवार, पाच वाजता."

"पण यात गुप्त काहीच नाहीये!"

"हीच तर गंमत आहे. तू गंजिफा खेळतेस ना? तुझ्या हातातला पत्ता कुणी पाहत नाही. पण टेबलावर उघडे पडलेले पत्ते नीट मोजले, की हातात काय उरलंय ते कळतं. याला अनुमान (माहीत असलेल्यावरून माहीत नसलेलं ओळखणं) म्हणतात. एकेकटी माहिती निरुपद्रवी असते. एकत्र बसली की ती चहाड्या करते."

"मग मी तो चौकोन भरूनच टाकते!"

"खोट्या नोंदीने?" गणूकाकांच्या डोळ्यांतला दिवा पिवळा झाला. पण शर्वाणी तोवर जिन्यापर्यंत पोहोचली होती.

गुरुवारी तिने पोहायला जाण्यापूर्वी घरी बसूनच, डोंगरावरच्या एका डबीची नोंद ठोकली. ती डबी भार्गवनेच लपवलेली होती. झाकण तुटलं म्हणून त्याने ती घरी आणली होती आणि त्या क्षणी झाकणाला डिंक लावत होता.

रविवारी गावातल्या मोती तलावाच्या काठी खेळाडूंचा मेळावा भरला. मोठ्या पडद्यावर क्रमवारी झळकत होती. दुसरी शर्वाणी आणि पहिला भार्गव, कारण त्याने दोस्तांकडून तलावाकाठच्या प्रत्येक दिव्याच्या खांबाला डबी बांधवून घेतली होती. तिथे शोधायचं काही नव्हतं, नुसतं वाकायचं होतं.

"दुसरा नंबर लबाड आहे," भार्गव म्हणाला. "तिचं नाव काढा."

शर्वाणीला वाटलं, खेळ सोडावा आणि घरी जावं. पण ती उभी राहिली. "हो, ती नोंद खोटी होती. मी गुरुवारी पोहायला शिकते. फुगा बांधून. ते लपवायला मी खोटं लिहिलं."

कुणी हसलं नाही. उलट मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मग भार्गवचे मंगळवार का रिकामे?"

झालं! सगळ्यांची बोटं पडद्याकडे वळली. कुणीतरी भार्गवचं पान उघडलंसुद्धा. मंगळवारची ओळ खरंच पांढरी होती. "संध्याकाळी काय असतं रे मंगळवारी?" "शोधा, शोधा!" भार्गवचा चेहरा त्या ओळीइतकाच पांढरा पडला.

शर्वाणीच्या मनात आलं, दोनच मिनिटं थांबावं. मग ती पडद्यापाशी गेली आणि तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"त्याचा मंगळवार त्याचा आहे," ती म्हणाली.

भार्गव पुढे आला. मग म्हणाला, "दुसऱ्या नंबराचं नाव राहू दे. नोंद तेवढी खोडा."

त्यानंतर मेळाव्याला आलेले गणूकाका बोलले. "आम्ही जनगणनेत घरोघरी जाऊन विचारायचो, पण बाहेर सांगायचो ती फक्त बेरीज. म्हणून लोक दार उघडायचे."

मेळाव्यात तासभर कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी सगळ्यांना पटेल असं ठरलं. प्रत्येकाचं पान मुळात बंद राहील. काय उघडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यांना शर्यत हवी, त्यांनी एकमेकांना विचारून लावावी. पडद्यावर दिसेल ती एवढीच ओळ: सावंतवाडीने या महिन्यात किती डब्या शोधल्या.

क्रमवारीच नाही म्हटल्यावर पुढच्या महिन्यात खांबांवरच्या डब्या आपोआप गळाल्या. त्याऐवजी नारळाच्या करवंटीत, पोकळ फांदीत, दगडासारख्या दिसणाऱ्या खोट्या दगडात डब्या निघू लागल्या. मुलं त्या उघडून आतली चिठ्ठी वाचायला थांबू लागली. चंद्रावरच्या वसाहतीतल्या मुलांनी आपल्या खेळासाठी हाच नियम मागवून घेतला.

शर्वाणीला त्यानंतर पुष्कळ डब्या सापडल्या. किती, ते तिने उघडलेलं नाही.

आणि भार्गव मंगळवारी कुठे जातो, ते सावंतवाडीत अजून कुणालाही माहीत नाही.