चुना वर चढताना

बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायची आणि कान देऊन ऐकायचं, हे ओर्नेलाचं रोजचं काम. मांतोवा शहरातल्या त्या पाचशे वर्षांच्या महालात गिलावा घट्ट असेल तिथे आवाज भरीव येई, सुटला असेल तिथे पोकळ. पोकळ जागेभोवती ती खडूने गोल काढी आणि गिलावा पुन्हा चिकटावा म्हणून बारीक भोकं पाडून सिरिंजने पातळ चुना आत सोडी.

आजचा गोल फारच मोठा निघाला. भिंतीवर रंगवलेल्या मेजवानीच्या चित्रातल्या हिरव्या झग्याच्या बाईला त्याने पावलांपासून कपाळापर्यंत वेढलं. तिच्या हनुवटीखालून चुरा गळत होता.

"दुपारपर्यंत भरलं नाहीस तर ही बया तोंडावर आपटेल," तिला हे काम शिकवणारे नेविओमास्तर म्हणाले. "मग उद्या तपासणीला साहेबांना काय दाखवशील? माझं टक्कल?"

मास्तरांना ऐकू कमी येई. भिंत ते तळहाताने जोखत. ओर्नेलाला एकटीला सोपवलेली ही पहिलीच भिंत. बाईचा चेहरा गळून पडला असता तर पुन्हा कुणी तिला भिंतीला हात लावू दिला नसता.

तिने खालून सुरुवात केली. दहा सिरिंजा रिकाम्या झाल्या, भिंत पीतच राहिली. अकराव्या वेळी आतून टकटक झाली. गुडघ्याच्या उंचीवर.

"मास्तर... पलीकडे कोण आहे?"

"पलीकडे तळं आहे, पोरी. तीन मजले खाली."

चुना कमरेपर्यंत चढला. टकटक छातीशी आली. चुना जसा वर येत होता, तसं आतलं काहीतरी त्याच्याही वर सरकत होतं. भोकांतून कोंदट, ओला वास येऊ लागला.

तिचा हात थांबला. तेवढ्यात बाईच्या गालाचा टवका सुटून तिच्या बुटावर पडला.

"मास्तर, आत कुणीतरी..."

मास्तरांनी तळहात भिंतीला लावला. चटका बसावा तसा मागे घेतला आणि विजारीला पुसला.

"काही नाही," तिच्याकडे न बघता ते हळूच म्हणाले. "भर."

तिने भरलं. टकटक चेहऱ्यामागे आली. आधी घाईची... मग सावकाश... मग नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भिंत ठोकून पाहिली. सगळीकडे भरीव. तिची पाठ थोपटून ते गेले.

ओर्नेलाने दिवा जवळ नेला. बाईच्या मिटल्या ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा ओघळ उतरला होता. तिने भिंग लावून पाहिलं. ओठांना कुठेच भेग नव्हती.

तिने बोटाने ओघळ पुसला. चुना कोमट होता.