नंबर न लागलेली तपासणी

पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही. पण घडलं ते खरं आहे. माझ्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि आत्या थापा मारणाऱ्यातली नाही.

गुरुवार होता. भरदुपारचे तीन वीस. भूतंसुद्धा झोपलेली असावीत अशी वेळ.

आत्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कंट्रोलरचे, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्राम लिहायची. कंट्रोलर एकच, कामं पन्नास. ज्याचा नंबर वरचा ते काम आधी, तळातल्याचं नंतर. तेही वेळ उरला तर. सोमवारी साहेबांनी हट्टच धरला म्हणून, पाहुण्यांना दाखवायला, तिने स्क्रीनवर हलते रंगीत आलेख टाकले आणि त्यांना वरचा नंबर दिला. खोल्या गार ठेवणाऱ्या अमोनिया गॅसच्या गळतीची तपासणी गेली तळाला. तपासणी बसवल्यापासून गळती झालीच कुठे होती!

गुरुवारी तिने सहज पाहिलं, सोमवारपासून तपासणी किती वेळा झाली...

शून्य.

सगळा वेळ आलेखांनीच गिळला होता. स्क्रीनवरचं ‘गळती नाही’ सोमवारचं होतं, शिळं.

तिने नंबर बदलायला कीबोर्ड पुढे ओढला. आणि तेवढ्यात...

भोंगा वाजला.

एक लांब... दोन आखूड.

तपासणीचा भोंगा सलग वाजतो. असा तुटक वाजवायचे ते फक्त अण्णा, जुने ऑपरेटर. अकरा वर्षांपूर्वी दोन नंबरच्या खोलीत ते गॅसने गेले, म्हणून तर ही तपासणी बसवली. हाताने भोंगा वाजवायचं बटण तेव्हाच काढून टाकलं होतं.

तिने पुन्हा आकडा पाहिला... शून्यच.

आणि दोन नंबरच्या खोलीत आत्ता फिटर काम करत होता.

“भोंगा बिघडलाय,” साहेब धावत आले. “स्क्रीन बघा, गळती नाही. प्लांट बंद केलात तर याद राखा!”

“काय करायचं ते करा,” आत्या म्हणाली आणि तिने कॉम्प्रेसरचा मेन स्विच खाली ओढला.

मास्क चढवून ती वॉचमनला घेऊन आत घुसली. फिटर दारापासून चार पावलांवर गॅसने बेशुद्ध पडला होता. दोघांनी त्याला फरफटत बाहेर काढलं. वाचला.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. “लिहा, यंत्रणेने वेळेवर इशारा दिला.”

आत्याने आधी लिहिलं, नंबर मी खाली नेला, चूक माझी. मग ‘इशारा कोणी दिला’ यापुढे लिहिलं, अण्णा, ऑपरेटर. खाली सही ठोकली.

“वेड लागलंय का तुम्हाला? मेलेत ते!”

“मेलेत. तरी ड्युटीवर होते. आपण जिवंत असून नव्हतो.”

महिन्याभरात तिची नोकरी गेली. अहवाल बदलून द्याल तर परत घेतो, असा निरोप दोनदा आला. ती गेली नाही.

“आत्या, भीती नाही वाटत?” परवा मी विचारलं.

“वाटते की. कुठेही भोंगा वाजला तरी मोजते... थांबून मोजते.” मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “पण सही खोडणार नाही. कोणाचा बाप आला तरी नाही.”