परत म्हणून दाखवा

पहिल्याच भेटीत तो तिच्या डोक्यावर चढला — म्हणजे बंदराच्या वायरलेस खोलीच्या छपरावर! हवामान खात्यातला माणूस. वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र अडकलं होतं, ते सोडवायला आलेला. चिंब भिजून खाली उतरला आणि लाजत म्हणाला, "टॉवेल मिळेल?" तिनं दिला. झालं! बाईसाहेबांचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही.

मग भर समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि दर तीन तासांनी त्याचा फोन येऊ लागला. त्यानं आकडे सांगायचे, तिनं लिहून घेऊन परत म्हणून दाखवायचे, मग होड्यांना कळवायचे. परत म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचंच नाही, हा खात्याचा नियम.

तिचं बोलणं दोन मिनिटांत संपे. त्याआधी तो दीपगृहावरच्या बाईला आकडे सांगे; त्या दीपगृहवालीचं मात्र अकरा मिनिटं! लाइन एकच, त्यामुळे रिसीव्हर उचलला की दोघांचं खिदळणंही ऐकू येई. वादळात एवढं काय हसायचं असतं मेलं! ती नुसती जळफळायची.

बघता बघता त्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं. होड्या तिनं केव्हाच माघारी बोलावल्या होत्या. दुपारी फोन वाजला.

"ताशी शंभर किलोमीटर. संध्याकाळी किनाऱ्यावर. परत म्हणा..."

"दीपगृहवालीकडून म्हणवून घ्या!" तिनं फोन आपटला.

लगेच पस्तावून उचलला, तर लाइन बंद. रस्त्यावरचा खांब आडवा झाला होता.

अर्ध्या तासानं दार धडधडलं. दारात तो... रेनकोट फाटलेला, कपाळाला खरचटलेलं.

"अहो, वेड लागलंय का? पत्रे उडतायत बाहेर!"

"तुम्ही परत म्हटलं नाहीत."

"शंभर किलोमीटर, संध्याकाळी," ती पुटपुटली. "झालं? आता जा तिच्याकडे, हसवा."

"ती तिथं एकटी असते हो. घाबरते, म्हणून हसवतो."

"आणि मला दोन मिनिटांत कटवता!"

"तुमच्याशी बोलताना मीच घाबरतो... तिसऱ्या मिनिटाला काहीतरी बोलून बसेन म्हणून."

"काय बोलून बसाल?"

छपराचा एक पत्रा कडाडून उडाला. टेबलावर पाणी कोसळलं. दोघंही हलली नाहीत.

"तुम्ही मला आवडता. फार."

तिनं तोच टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. आतून दबका आवाज आला, "परत म्हणून दाखवा... नियम आहे."

"तू मला आवडतोस. फार," ती म्हणाली. "आणि यापुढं दीपगृहवालीला विनोद मी सांगणार."